कुत्रं, कनू आणि गळ: पहिल्यांदा नदीवर निघण्याआधी

कुत्र्याला घेऊन नदीवर मासे धरायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "त्याला पोहता येतं का?" मीही तोच विचार केला होता. ढमी, म्हणजे माझी चोवीस किलोची कुत्री, पोहण्यात पटाईत. मला वाटलं, झालं काम. पहिल्याच फेरीत तिला काठावर एक बदक दिसलं. ती कनूच्या, म्हणजे आमच्या वल्ह्याने चालवायच्या लांबट होडीच्या, कडेवर पुढचे पाय रोवून उभी राहिली आणि पुढच्या क्षणी मी, ढमी, वल्हं, जेवणाचा डबा आणि गळांची पेटी असे सगळे पाण्यात. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून हसण्यावारी गेलं. पेटी काही सापडली नाही.

त्या दिवशी ढमीला एकदाही पोहण्याची अडचण आली नाही. अडचण आली ती स्वस्थ बसण्याची. नदीवर नेण्याच्या कुत्र्याला कंटाळा पचवता आला पाहिजे, हे मला बरेच गळ आणि एक चांगलं रीळ गमावून कळलं. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलंय.

१. आधी कुत्रं बघा

सगळी कुत्री पोहतात हा गैरसमज आहे. बुलडॉग, पग यांच्यासारखी चपट्या नाकाची कुत्री पाण्यात लवकर दमतात, आणि नाक वर ठेवायच्या धडपडीत त्यांचं मागचं अंग खाली जातं. डॅशहुंड, कॉर्गी अशा आखूड पायांच्या कुत्र्यांचीही तीच गत. यांना नेऊच नका असं नाही, पण लाइफ जॅकेट अंगात घालूनच.

लॅब्रॅडॉर असेल तर फुशारकी मारू नका. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरच्या मच्छीमारांकडे कामाला होते. जाळ्यांच्या दोऱ्या ओढणं आणि गळातून निसटलेला मासा उडी मारून धरून आणणं हे त्यांचं काम. आता विचार करा, दोरीच्या टोकाला मासा फडफडला की पाण्यात झेपावणारं रक्त तुमच्या कनूत बसलंय. ढमी अर्धी लॅब्रॅडॉर आहे, त्यामुळे हे अनुभवाने सांगतो.

ठरवलेल्या दिवसाच्या निदान दीड-दोन महिने आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. इतकं आधी, कारण लेप्टोस्पायरोसिसची लस. उंदीर-घुशींच्या मुतातून हे जंतू साठलेल्या आणि संथ पाण्यात येतात, कुत्र्याचं मूत्रपिंड आणि यकृत खराब करतात, आणि कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतात. लसीचे सुरुवातीला दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवडे, आणि पुढे दर वर्षी एक. आदल्या आठवड्यात आठवण होऊन उपयोग नसतो.

त्याच भेटीत गोचिडांच्या औषधाचंही विचारून घ्या. मानेवर थेंब टाकायच्या बऱ्याच औषधांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, आणि ते पाण्यात धुऊन निघतं. इंग्लंडमधल्या वीस नद्यांचे २०१६ ते २०१८ या काळातले नमुने तपासले तेव्हा ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडलं. ही औषधं पाण्यातल्या किड्यांचा जीव घेतात, आणि मासे त्या किड्यांवरच जगतात. पोहणाऱ्या कुत्र्याला पोटातून द्यायची गोळी चालेल का, ते डॉक्टर सांगतील.

२. कागद आणि सामान

कागदपत्रं एका पाणबंद पिशवीत:

- रेबीजसह सगळ्या लसींचं कार्ड
- नोंदणी किंवा परवाना लागत असेल तर त्याची प्रत
- मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर
- कुत्र्याचा अलीकडचा, अंगावरच्या खुणा दिसतील असा फोटो
- नदीच्या सर्वांत जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्याचा फोन, रात्रीचाही
- तुमचा मासेमारीचा परवाना

परवाना काढतानाच त्या पाण्यावर कुत्रं चालतं का ते विचारा. काही ठिकाणी पूर्ण बंदी असते, काही ठिकाणी पक्ष्यांच्या विणीच्या काळापुरती. मी एकदा दोन तास गाडी चालवून फाटकावरची पाटी वाचून परत आलोय.

सामानात सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लाइफ जॅकेट. वजनापेक्षा छातीचा घेर मोजून घ्या. पट्टे आवळल्यावर दोन बोटं आत जावीत, जास्त नाही. रंग भडक हवा आणि पाठीवर उचलायची मूठ हवीच. विकत घेताना कुत्र्याला त्या मुठीला धरून खरंच उचलून बघा. सुटून खाली घसरलं तर ते जॅकेट नको.

बाकी: खाली अंथरायला जाड फोमची किंवा रबराची चटई, प्यायचं पाणी आणि वाटी, टॉवेल, शिट्टी, पाणी उपसायचं भांडं, प्रथमोपचाराची पेटी. त्या पेटीत रुंद बँडेज, चिमटा, पक्कड आणि तार कापायची कटर पक्कड. शेवटच्या दोन वस्तू विसरून निघाला असाल तर परत फिरा. कारण सहाव्या पायरीत आहे.

३. घरात, चटईवर

जी चटई कनूत जाणार तीच घरात टाका. कुत्र्याला तिच्यावर बसवा, बक्षीस द्या, थोडं लांब जा, परत या. पहिल्या दिवशी दहा सेकंद. महिन्याभराने वीस मिनिटं. मग चटईसमोर त्याच्या आवडीचं काहीतरी घडवा. मी दोरीला चिंधी बांधून जमिनीवर फडफडवायचो. ढमीचे डोळे बाहेर यायचे, पण ती जागची हलायची नाही तेव्हा तिला खाऊ मिळायचा.

तीन शब्द पक्के हवेत: चटईवर थांबण्याचा, तोंडातलं टाकण्याचा आणि कनूतून उतरण्याच्या परवानगीचा. तिसरा शब्द लोक शिकवायला विसरतात. मग काठ जवळ आला की कुत्रं आपल्या मनाने उडी मारतं, आणि उतरण्याच्या नेमक्या त्याच क्षणी कनू सर्वांत जास्त डगमगते. घरात सगळे एकच शब्द वापरा. एकाचं "थांब" आणि दुसऱ्याचं "बस ना गं जरा" यात कुत्र्याने काय समजायचं?

४. कनू आधी कोरड्यावर

नवख्याने उघडी, रुंद, सपाट बुडाची कनू घ्यावी. साधारण पाच मीटर लांब आणि नव्वद सेंटीमीटर रुंद कनूत एक माणूस, एक मोठं कुत्रं आणि सामान आरामात मावतं. अरुंद, वेगवान कनू कुत्र्यासाठी नाही.

पहिले काही दिवस ती गवतावरच राहू दे. चटई टाका, आत खाऊ ठेवा, चढू-उतरू द्या. मग तुम्ही आत बसून वल्ह्याची हालचाल करा. वल्हं डोक्यावरून जातं हे बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही.

पाण्यात नेल्यावर कनू काठाला समांतर, पूर्ण तरंगती ठेवा. एक टोक काठावर आणि एक पाण्यात असेल तर मधला भाग आधाराविना राहतो आणि ती चटकन कलते. तुम्ही काठावरून कड धरा, कुत्रं आत जाऊन खाली बसू दे, मग तुम्ही चढा. एकटे असाल तर कुत्रं तुमच्या पुढे, डोळ्यांसमोर. दोघं असाल तर दोघांच्या मध्ये. वजन मधल्या रेषेवर आणि खाली हवं. चोवीस किलोचं कुत्रं अगदी पुढच्या टोकाला जाऊन बसलं की ते टोक दबतं आणि कनू सरळ चालेनाशी होते. दृश्य सुंदर दिसतं, फोटोही छान येतो, वल्हवणाऱ्याचे हात मात्र भरून येतात.

आणि एक नियम ज्याला अपवाद नाही: कनूत कुत्र्याला कधीही बांधू नका. कनूला नाही, तुमच्या कमरेला नाही, सामानालाही नाही. उलटल्यावर ती दोरीच त्याला पाण्याखाली धरून ठेवते. चढल्याबरोबर गळपट्ट्याची दोरी काढून पिशवीत टाका.

५. मुद्दाम उलटून बघा

उबदार दिवशी, संथ आणि कमरेइतक्या पाण्यात, काठावर एक माणूस मदतीला ठेवून कनू मुद्दाम उलटवा. सामान अर्थात बाहेर काढून. घाबरलेलं कुत्रं सरळ तुमच्या अंगावर चढायला येतं. नखं लागतात आणि त्याच्या वजनाने तुम्ही खाली जाता. त्याला मागून, पाठीवरच्या मुठीला धरा, तोंड काठाकडे वळवा आणि सोडा. काठावरच्या माणसाने हाक मारायची. दोन-तीनदा केलं की त्याला काठ गाठायची सवय होते.

खोल पाण्यात उलटलेल्या कनूत कुत्र्यासकट परत चढता येईल या भ्रमात राहू नका. काठ गाठायचा, बाकीचं नंतर.

६. गळ

इथे सावकाश वाचा. नदीवर कुत्र्याला होणारं नुकसान बहुतेक पाण्याने होत नाही, आपल्या पेटीने होतं.

आमिष लावलेला गळ कुत्र्याच्या लेखी घास असतो. पीठ, किडे, मासळीचे तुकडे, वासाच्या गोळ्या, सगळंच त्याला खायचं असतं. म्हणून पेटी कायम बंद, आणि आमिष लावलेली काठी कधीही जमिनीवर किंवा कनूच्या कडेला टेकवून ठेवायची नाही. कुत्रं बरोबर असेल त्या दिवशी मी तीन तोंडांचे गळ घरीच ठेवतो आणि एकेरी गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करतो. एखादा मासा जास्त सुटतो, हे कबूल. पण तोच गळ ओठात घुसला तर अलगद मागे निघतो.

गळ फेकताना कुत्रं कुठे आहे हे प्रत्येक वेळी बघायचं. प्रत्येक वेळी म्हणजे शंभराव्या वेळीसुद्धा. फ्लाय मासेमारीत, म्हणजे नकली किड्याचं हलकं आमिष फेकून करायच्या मासेमारीत, दोरी मागे जाते आणि मागे आलेला गळ बरोबर कुत्र्याच्या उंचीवरून फिरतो. काठावर असाल तर त्याची चटई ज्या हाताने फेकता त्याच्या उलट बाजूला, थोडी पुढे.

गळ कातडीत घुसलाच तर आधी बँडेजने तोंड बांधा. तुमचं कुत्रं कितीही गरीब असो, दुखलं की चावतं. श्वासाचा त्रास होत असेल किंवा उलटी येत असेल तर मात्र बांधू नका. मग तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, कापा. तीन तोंडांचा गळ असेल तर मोकळी टोकं आधी कापून टाका. उलटा काटा आत असेल तर मागे ओढू नका. गळाच्या वळणाप्रमाणे टोक पुढे ढकलून कातडीबाहेर काढा, काटा कापा, उरलेला भाग आला त्या वाटेने मागे घ्या. नंतर डॉक्टरांना दाखवा. डोळा, पापणी, जीभ किंवा घशाजवळ असेल तर यातलं काहीच स्वतः करू नका.

गळ गिळला असेल तर तीन गोष्टी करायच्या नाहीत: तंगूस ओढायची नाही, तोंडाजवळ कापायची नाही, उलटी करवायची नाही. तोंडापासून हातभर सोडून कापा, बाहेर राहिलेलं टोक गळपट्ट्याला सैल बांधा आणि दवाखाना गाठा. तेवढ्या तंगूसच्या मागावरून डॉक्टरांना गळ शोधणं आणि काढणं सोपं जातं.

नुसती तंगूस गिळली तरी बेफिकीर राहू नका. लांब दोरा आतड्यात एका जागी अडकला की आतडं त्याच्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि दोरा ते कापत जातो. शिशाची वजनंही गिळली की विषबाधा करतात. आपली तुटलेली तंगूस उचला, आणि आधीच्या कुणीतरी टाकलेलीही. ढमीच्या पंजात रुतलेली तंगूस माझी नव्हती, पण सोडवत मीच बसलो होतो.

७. वाहत्या पाण्यात

नदीच्या खळाळांना अवघडपणानुसार १ ते ६ श्रेणी देतात. कुत्रं कनूत असताना पहिल्या श्रेणीपुरतंच राहा. त्यापुढचा टप्पा आला की काठाला लागा, कुत्र्याला चालवत न्या. उतरून चालण्यात कमीपणा नाही, आणि कुत्र्याला तर तेच हवं असतं.

दोन गोष्टींना खरोखर भ्या. एक, पाण्यात आडवं पडलेलं झाड. पाणी फांद्यांतून आरपार जातं, अंग अडकून राहतं. दुसरी, बुटका बंधारा. वरून गुळगुळीत, निरुपद्रवी दिसतो. पण पडलेलं पाणी खाली उलटं फिरून बंधाऱ्याकडेच येत राहतं आणि आत सापडलेल्याला सोडत नाही. त्याच्या बरंच वर असतानाच बाहेर पडा.

धारेत पडलात तर उताणे, पाय प्रवाहाच्या दिशेने. वेगात उभं राहायला जाऊ नका, दगडात पाय अडकतो. कुत्रं वाहून जात असेल तर काठाने पळा, हाका मारा, पुढच्या संथ वळणावर त्याला गाठा. त्याच्यामागे उडी मारू नका. कुत्रं बाहेर आलं आणि मालक बुडाला असं वारंवार घडलेलं आहे.

पाणी नाकातोंडात जाऊन घाबरंघुबरं झालेलं कुत्रं तासाभरात नीट दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसांना सूज नंतर येऊ शकते.

८. न दिसणारे धोके

संथ, कोमट पाण्यावर हिरवा किंवा निळसर रंग सांडल्यासारखी साय दिसली तर तिथे थांबूच नका. सगळी साय विषारी नसते, पण नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही. अशी साय बनवणाऱ्या जिवाणूंचं, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचं, विष यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर घाला घालतं, कधी काही मिनिटांत, आणि त्यावर उतारा नाही. कुत्रं पाणी पितं, शिवाय नंतर अंग चाटतं, म्हणून चुकून शिरलंच तर लगेच स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना फोन करा.

प्यायला पाणी आपलंच न्या. कुत्र्याला साध्या दिवशी किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर लागतं, म्हणजे ढमीला सव्वा ते दीड लिटर. नदीवर मी तीन नेतो.

पाण्यात काठी फेकण्याचा खेळ दहा मिनिटांत आवरा. प्रत्येक वेळी काठी पकडताना कुत्रं पाणी गिळतं. फार झालं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. पोट फुगणं, लाळ, उलटी, झोकांड्या ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका.

उन्हात अॅल्युमिनियमची कनू तव्यासारखी तापते, चटई त्यासाठीही हवी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. जोरजोरात धापा टाकत लडखडायला लागलं की सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या. नाकाला तुमचं सनस्क्रीन लावू नका, त्यातलं झिंक चाटून पोटात गेलं तर बाधतं.

थंड पाण्यात खूप पोहल्यावर दुसऱ्या दिवशी शेपूट मोडल्यासारखी लोंबली तर दचकू नका. स्नायू आखडलेले असतात, चार-आठ दिवसांच्या विश्रांतीने बरं होतं. मी मात्र दचकलो होतो.

९. मासा लागल्यावर

ही खरी परीक्षा. मासा वर येईपर्यंत कुत्र्याकडे लक्ष नसतं आणि कुत्र्याचं फक्त माशाकडे असतं. आधी थांबण्याचा शब्द उच्चारा, मग मासा जवळ घ्या. मासा जाळीत घ्या, तोंडात गळ असलेला मासा कुत्र्याच्या टप्प्यात येऊ देऊ नका. काही माशांच्या परांना टोकदार काटे असतात, ते नाकात घुसतात.

साफ केलेल्या माशाचं डोकं-आतडी खायला देऊ नका. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांत तर कच्चा सॅमन किंवा ट्राउट खाऊन कुत्री मरतात. त्या माशांत एक सूक्ष्म परजीवी असतो आणि त्याच्या पोटात आणखी एक जिवाणू. लक्षणं दिसायला साधारण आठवडा लागतो आणि तोवर मासा कुणाच्या लक्षातही राहत नाही. इतर ठिकाणीही काटे घशात अडकतातच.

काठावर मेलेला मासा दिसला की कुत्रं त्याच्यावर लोळणार. यावर उपाय मला सापडलेला नाही. गाडीच्या काचा उघड्या ठेवा.

१०. घरी निघण्याआधी

कुत्र्याची शी पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, पंधरा-वीस सेंटीमीटर खोल पुरा किंवा पिशवीत भरून परत न्या.

कान आतून टिपून कोरडे करा, लोंबत्या कानांचे तर नक्कीच. ओलसर राहिले की पिकतात. बोटांच्या मधल्या जागा, काखा आणि गळपट्ट्याखालची कातडी हाताने चाचपा: गोचीड, कुसळं, तंगूस. ओल्याने मऊ पडलेले तळवे दगडांवर चिरतात, तेही बघा.

आणि निघायच्या आधी गळ मोजा. मी पेटीच्या झाकणात चिठ्ठी चिकटवलीय, सकाळी आकडा लिहायचा, संध्याकाळी ताळा करायचा. एखादा कमी भरला तर आधी चटई झटका, मग कुत्र्याचं तोंड उघडून बघा, मगच गाडीची किल्ली काढा.